मुंढ्याचं माप

माहुरकर काकूंनी आधी स्वतःच्या ब्लाउजचं माप दिलं,
मग दोरी सैल करून म्हणाल्या,
आता याचंही घे.

हा म्हणजे गजक.
थंडीत मुरैनेहून डबा येतो ना, त्या रंगाचा.
गळ्यात पट्टा. पुढे ओढायचा, खोकायचा,
थांबायचा, जणू दुसराच कुणी खोकला,
आणि पुन्हा ओढायचा.
काकू सत्तरीच्या. दोघांत जोर त्याचाच जास्त.

जनकगंजात तीस वर्षं ब्लाउज शिवतेय मी.
काखेत काय काचतं ते कुणी सांगत नाही.
बाई आरशासमोर हात वर करते
आणि लगेच खाली घेते,
त्यावरून समजायचं.
कुत्रा आरशात बघत नाही.

पहिला साज दिसायला फार सुरेख.
लाल नवार, आतून जुन्या रजईचं अस्तर,
छातीवरून आडवी पट्टी.
आठ दिवसांनी काकूंनी त्याचा पुढचा पाय उचलला.
काखेतले केस गेलेले, कातडी गुलाबी.
आडवी पट्टी खांद्याला अडत होती,
आणि तो चालत होता
लग्नातल्या नव्या जोड्यांत पाय घातलेल्या नवरदेवासारखा.

दुसरा मी सैल शिवला.
पाटणकर बाजारात वरात आडवी आली.
ढोलावर पहिली थाप,
आणि गजक पुढे नाही पळाला. मागे सरकला.
कान पाडले, खांदे आवळले,
आणि काकूंच्या हातात उरला
माझ्या हातचा, लाल नवारीचा,
रिकामा कुत्रा.

दोन रात्री तो सापडला नाही.
दोन रात्री मी मशीनवरचं कापड काढलं नाही.
तिसऱ्या सकाळी बर्फाच्या कारखान्यामागे
ओल्या भुशात निजलेला दिसला,
तेव्हा काकू मला काही बोलल्या नाहीत.
बोलल्या असत्या तर बरं होतं.

शराफत चाचा पूर्वी टांग्यांचे साज करायचे.
आता शाळेच्या दप्तरांच्या चेन बसवतात,
डोळ्यांत मोतीबिंदू, बोटांत आरी.
माझ्या नवारीकडे त्यांनी पाहिलंच नाही.
गजकच्या छातीच्या हाडावर हात ठेवला,
तिथून पायांमधून मागे, बरगड्या मोजत मोजत,
जिथे कंबर बारीक होते तिथपर्यंत.
म्हणाले, ''गला मत पकड़ बेटी, सीना पकड़.''
आणि थोड्या वेळानं,
जणू कुठल्या घोडीला आठवून,
''डरा हुआ जानवर पीछे जाता है.
पीछे का दरवाज़ा तूने खुला छोड़ दिया.''

घरी येऊन फरशीवर खडूनं काढलं.
पुढून व्ही गळा, टोक छातीच्या हाडावर.
टोकापासून एक पट्टी पायांमधून मागे.
काखेपासून चार बोटं सोडून पहिला पोटपट्टा,
शेवटच्या बरगडीमागे दुसरा.
मागे सरकला तरी बरगड्या
त्या बारीक घेरातून निघणार नाहीत.
कडी पाठीवर. टीप चौकोनात, वर फुली, तीनदा.
आणि सगळीकडे पट्ट्याखाली
दोन बोटं आडवी सरकतील इतकी जागा.
तिसरं बोट गेलं तर उसवायचं.

ब्लाउजमध्ये जिथे मी मुंढा बसवते
तिथे याला नुसती हवा दिली.

संध्याकाळी मी त्यांच्या मागून चालले.
मुद्दाम मागून.
खांदा पुढे गेला, मागे आला,
कातडीखाली पाण्यात मासा वळावा तसा.
चौकापर्यंत तो खोकला नाही.
एका स्कूटरचा सायलेन्सर फुटला,
गजक मागे रेटला, पट्टे ताणले,
आणि तो उभा राहिला, थरथरत, आतच.
काकू रस्त्यात खाली बसल्या
आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिल्या.
मागे रिक्षावाला हॉर्न मारत होता, मारू दिला.

रात्री दिवा लावून
स्वतःच्या ब्लाउजचा मुंढा उसवला मी.
अर्धा इंच. फक्त अर्धा.
हात वर केला. परत केला.
इतकी वर्षं लोकांचीच मापं घेत होते.

काकूंनी विचारलं, याचे किती?
म्हटलं, ब्लाउजइतकेच.
अस्तराचे वेगळे.