इर्सवो

बैरूतहून अदिसला जाणारं रात्रीचं विमान.
तीन वाजून दहा मिनिटं. माझे घोटे
बुटांच्या कडेवरून उतू चाललेले.
अकरा सीमधले गृहस्थ चुटकी वाजवतात,
मी वळते.
अकरा वर्षांत मान आपोआप वळायला शिकली,
मी तिला शिकवलं नव्हतं.

छातीवर पितळी पट्टी आहे माझ्या: त्सिगेरेदा.
वाचतो कोण?
तक्रार लिहायची असली
की मात्र लोक चष्मा शोधतात.

मीही काही धुतल्या तांदळाची नाही.
माझ्यासाठी तेही बावीस ए, चिकन.
तीस डी, रडणारं मूल.
जाताना याच विमानातून
पोरी भरून नेतो आम्ही घरकामाला,
कोरे पासपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत,
पट्टा कसा लावायचा ठाऊक नसलेल्या.
"ए, बस खाली. ऐकू येत नाही का तुला?"
अंची, अंची.
आमच्या भाषेतलं 'तू'.
धाकट्या बहिणीला म्हणतात तसं नव्हे,
बकऱ्या हाकताना लागतो त्या आवाजातलं.

आता शुक्रवार लागलाय, उपासाचा.
एकतिसाव्या रांगेतली बाई ट्रे परत करते,
जणू चूक तिचीच: "यात मांस आहे."
उपासाचं जेवण संपलंय.
ते वाक्य ओठांवर तयारच असतं, इस्त्री केलेलं.
पण निघालं भलतंच:
"इर्सवो जरा थांबता का? मी बघते."

इर्सवो. आपण.

तिने मागे वळून पाहिलं,
मी कुणाशी बोलतेय ते बघायला.
मागे फक्त शौचालयाचं दार होतं.

माझा डबा होता, संध्याकाळी घरून निघताना भरलेला,
दोन इंजेरा, हरभऱ्याच्या पिठाचं शिरो.
ती पडद्याआड आली, बसेना.
उभ्यानेच म्हणाली,
"सहा वर्षं मला लिंडा म्हणायचे.
मॅडमच्या जिभेला माझं नाव झेपत नव्हतं."
"आणि खरं?"
तिला क्षणभर आठवावं लागलं की काय, कोण जाणे.
"वर्किनेश."
म्हणजे, तू सोनं आहेस.
बारशालाच कुणीतरी एकेरीत सांगून ठेवलेलं.

मग तिने माझ्या पट्टीवर बोट टेकलं.
साबणाच्या खोक्यांवरून शिकलेली अक्षरं,
एकेक लावत गेली: त्सि... गे... रे...
मी मदत केली नाही.
दा पर्यंत ती स्वतःच पोहोचली.

इंजेऱ्याचा तुकडा मोडला, शिरो त्यात गुंडाळलं,
आणि हात सरळ माझ्या तोंडापाशी.
"अहो, हे आपल्यासाठी..."
ती ऐकेना.
घास मोठा होता.
आमच्याकडे म्हणतात, घास जेवढा मोठा
तेवढा मान मोठा.
गाल फुगलेले, डोळ्यांत पाणी,
तिखटाचंच असावं,
आणि पडद्यापलीकडे चुटकी वाजली.

मान वळलीच.

वर्किनेशने दंड धरला माझा.
"आधी गिळा," म्हणाली.

मी चावून चावून गिळलं.
मग गेले.
अकरा सीच्या तळहातावर एक गोळी होती, पांढरी,
हात इतका कापत होता
की ती खाली पडणारच होती.
मी पेला धरला. ते प्यायले.
काही बोलले नाहीत,
फक्त माझ्या छातीकडे पाहत राहिले,
पट्टी वाचत होते की नुसतेच, कळलं नाही.
दातांत शिरो अडकलेलं.
मी तोंड मिटूनच हसले.