पुराची रेघ

कागदावर बाग चौकोनी होती,
कुर्लेकर मास्तरांनी फूटपट्टीनं आखलेली.
शाळेमागं खणलं तर आधी गटार लागलं,
मग फुटका हौद,
आणि पंचगंगेनं ठेवून गेलेला गाळ,
कुणीच न उचललेला.

"ह्योच वाफ्यात घालूया की," सादिक म्हणाला.
त्याच्या बापानं उद्यमनगरच्या भंगारातनं
वाकड्या सळया आणल्या, मांडवाला.
बाग वाकडीच झाली.

भिंतीवर निळी रेघ : पाणी इथवर.
तिच्याखाली तेजस्विनीनं दोडका लावला.
रोज सुतळीनं मोजायची,
गणिताच्या वहीत मांडायची.

श्रावणात एक दिवस हात पुरेना.
मास्तर म्हणाले, स्टूल आण.
ती वर बघत ऱ्हायली.
"नको सर.
रेघ खाली गेली."