इतर

संगणकातली यादी सरळ होती:
साप, विंचू, फवारणी, वीज, बुडून,
आणि सगळ्यात खाली इतर.
मी कंत्राटावर, तीन वर्षं
माणसं त्या शेवटच्या खणात टाकत होते.

प्रज्योत वैरागडे, वय एकवीस.
आणला तेव्हा ओठ जांभळे,
खिशात दहा गोळ्यांची रिकामी पट्टी.
आई म्हणाली, "चक्कर आली म्हणून लिवा जी ताई,
त्याच्या बहिणीचं जमून राह्यलं."
चक्कर यादीत नव्हती.
मी इतर दाबलं.

मार्चअखेर वरून बेरीज मागितली, फक्त बेरीज.
लाईन गेली होती, म्हणून खिडकीशी बसून
जुनी रजिस्टरं काढली,
आणि वासुदेव झाडेची वही.
ॲम्बुलन्सच्या डिझेलशेजारी तो लिहितो
कुठून उचललं, किती वाजता,
श्वास होता की नव्हता.
सांगितलं नव्हतं कोणी. "आपल्यापुरतं," म्हणाला.

इतर फोडलं
तर आतून एकेचाळीस निघाले.

तालुक्याच्या नकाशावर टिकल्या लावल्या,
माझ्याच पाकिटातल्या, मरून.
नदीकाठ मोकळा राहिला. जंगलाकडची गावंही.
टिकल्या सगळ्या कोळसा खाणीच्या फाटकापासून
वजनकाट्यापर्यंत, साडेचार किलोमीटर,
आणि तारखा अकरा, बारा, तेरा.
दहाला पगार होतो.

डॉक्टर बराच वेळ नकाशासमोर उभे.
"पोलीस नावं मागतील."
"टिकल्यांना नाव नसतं, सर."
आवाज माझाच होता, पण
मी तो आधी ऐकला नव्हता.

जिल्ह्यातून नॅलोक्झोनच्या सहा कुप्या आल्या.
दोन गाडीत, चार काट्याजवळच्या उपकेंद्रात.
आशाताई रत्नमाला कुमरे शिकली
कुशीवर कसं वळवायचं, छाती कशी बघायची,
मिनिटाचे श्वास बोटांच्या पेरांवर कसे धरायचे.
बाराच्या रात्री, काट्यामागे, एक पोट्टा:
आधी चार श्वास.
सुई दिल्यावर नऊ.
मग शिवी.
वासुदेवनं वहीत लिहिलं,
"शिवी देल्ली. म्हंजे हाये."

यादीत आता गोळ्यांचा वेगळा खण आहे.
सात पत्रं लागली त्याला.
जुन्या नोंदी आठवडाभर उघडल्या दुरुस्तीसाठी.
चाळीस ओळी मी बदलल्या.
एक ठेवली.
लग्न वैशाखात आहे.

या महिन्यात त्या खणात शून्य.
वरून फोन आला, अभिनंदन म्हणाले.
मी शून्याकडे पाहत बसले.
पडलंच नाही कोणी,
की पडलं आणि सांगितलं नाही?
दोन्हींचं शून्य सारखंच गोल.

रत्नमालाला फोन लावला:
"काट्यामागं एकदा पाहून ये ना."
"काहून, कोणाचा फोन आला का?"
"नाही. म्हणूनच."
ती थांबली थोडी.
मग चप्पल शोधल्याचा आवाज,
कुत्रं,
आणि लांब काट्यावर चढणारा ट्रक.