चूळ

दवाखाना मखमलाबाद नाक्यावर, पहिला मजला.
खाली रसवंती.
दिवसभर तिकडे चरकाचे घुंगरू
आणि वर आमचं मशीन.
डॉक्टर गायधनी म्हणतात, त्याची-आपली भागीदारीच आहे,
तो पेरतो, आपण उपटतो.

मे म्हणजे आमच्याकडे दाढांचा हंगाम.
सुटीला आलेली पोरं आ करतात
तेव्हा आधी रंग दिसतो,
जिभेवर कालाखट्टा, ओठांवर नारिंगी,
आणि मागे, कोपऱ्यात,
आंब्याच्या देठाशी असतो तसा
एक बारीक काळा ठिपका.
मी ट्रे धरते, कापूस देते,
निघताना आयांना कागद देते,
त्यावर चंद्र, सूर्य आणि दोन ब्रश.
आया त्या कागदाने वारा घेतात.

घरी माझ्याही बहिणीची दोन आलीयेत, मालेगावहून,
तन्वेश आणि स्वरांगी.
पहिल्याच रात्री मी डॉक्टरांच्या आवाजात सांगितलं,
दात घासल्याशिवाय गादीवर पाय नाही.
तन्वेश म्हणाला, मावशी, हे तर दुधाचे,
पडणारच आहेत ना? मग घासायचे कशाला?
म्हटलं, घर भाड्याचं आहे म्हणून
कुणी केर काढायचं सोडतं का?
तो गप्प बसला.
स्वरांगीनं विचारलं, आपलं हे भाड्याचं आहे?
हो, म्हटलं. झोप आता.

दुपारचं मला काय कळणार, मी नाक्यावर.
कळतं ते संध्याकाळी, गाद्या झटकताना.
पेप्सीच्या कुरतडलेल्या नळ्या,
मीठ-तिखट लागलेली कैरीची साल,
उशीच्या अभ्र्यात कागदाची पुरचुंडी.
नळ्यांवर हसले, सालीवर हसले.
पुरचुंडीत बेदाणे निघाले
आणि हात तिथेच थांबला.

पिंपळगावच्या शेडवर आई जाळ्यांवर द्राक्षं पसरायची.
मी आठ वर्षांची, सावलीला, गोणपाटावर.
रडू नये म्हणून मूठभर बेदाणे,
थोड्या वेळाने पुन्हा मूठभर.
गोड, चिकट,
दाढेच्या खाचेत जाऊन बसायचे
आणि माझ्यासारखेच, सांगितल्याशिवाय हलायचे नाहीत.
पाणी होतं, शेडच्या टोकाला, ड्रममध्ये,
फवारणीच्या वासाचं.
तोंडात घेऊ नकोस, ती ओरडायची, चूळसुद्धा नाही.
तिचं बरोबरच होतं.
अकराव्या वर्षी सिव्हिलमध्ये उजवी दाढ गेली.
आईनं ती पदराच्या टोकाला बांधून घरी आणली.
तिचं पुढे काय करायचं
हे आम्हा दोघींनाही माहीत नव्हतं.

पुरचुंडी मी फेकली नाही.
डब्यात ठेवली, वरच्या फळीवर.
जेवणासोबत मिळतील, चार-चार, म्हटलं.
गादीत नाही.

रात्री गच्चीवर झोपतो. नळ पहाटे पाचला येतो,
पाणी मोजूनच, तरी
एक तांब्या उशाशी वेगळा ठेवलेला.
साडेदहा. स्वरांगी झोपलीये आणि तिचा एक गाल फुगलेला.
बोट घालते, अर्धी लिमलेटची गोळी निघते.
ती झोपेतच चावायला बघते,
पण माझं बोट धंद्यातलं आहे, वेळेवर बाहेर येतं.
खांद्याला धरून बसवते.
ब्रश आता नको, सगळी गच्ची उठवेल. निदान चूळ.
भर. खुळखुळव. गिळू नकोस गं.
टाक.
ती कठड्यावरून टाकते,
थेट खाली धोंगडेकाकांच्या स्कूटरवर.
सकाळी काका बोलतील. बोलू देत.

मी घासलेत, तन्वेश डोळे न उघडता सांगतो.
आ कर.
कैरीचा वास.
उठतो कुरकुरत, जिन्याच्या दिव्याखाली उभा राहतो,
खालचा पुढचा हलणारा दात
ब्रशनं नाही, जिभेनं ढकलत.
तेवढा सोडून बाकीचे घास, म्हणते.
तेवढाच घासतो.

दोघं परत झोपतात.
नदीकडून जरासा वारा सुटलाय.
तांब्यात तळाशी थोडं उरलंय, ते मी घेते,
या गालातून त्या गालात.
उजवीकडे अजूनही
घोटभर जास्त मावतं.