साल

पाटी मीच लिहिली होती.
अक्षर चांगलं, म्हणून सोसायटीत असली कामं माझ्याकडेच.
पाणी बंद, लिफ्ट बंद, सत्यनारायण.
त्या चैत्रात लिहिलं:
'बाहेरील व्यक्तींस सक्त मनाई.'
खाली निळ्या शाईची रेघ, पट्टी लावून.

बाहेरील म्हणजे कोण, ते लिहावं लागलं नाही.
वॉचमनला कळलं, पोळ्यांच्या मावशींना कळलं.
सोजरबाईंना मात्र कचरा न्यायचा होता.
त्या रोज यायच्या, बस बंद म्हणून अप्परवरून चालत,
आमच्या बिबवेवाडीच्या उतारापर्यंत,
मग जिन्याने चौथा मजला.
लिफ्ट त्यांना तेव्हा नव्हती, त्याआधीही नव्हती.
त्याला कुठल्या साथीचं कारण लागलं नव्हतं.

मी डबा दाराबाहेर ठेवायची
आणि त्या गेल्या की कडी पुसायची. दोनदा.
खरं सांगायचं तर तीनदा.

तिसऱ्या मजल्यावरचे देवस्थळी गेले
तेव्हा मनात आधी आलं ते दुःख नव्हतं.
'आपल्या मजल्यावर नाही' असं आलं.
हे कुणाला सांगितलेलं नाही.
श्रद्धांजलीचा मजकूर मीच लिहिला,
त्याच शाईने.

जुलैत माझ्याच घशात काटे उगवले.
जिन्याच्या तोंडाशी आडवे बांबू आले.
गाठी मारणाऱ्यांत नेन्यांचा कौस्तुभ,
त्याला दहावीला गणित मी शिकवलेलं.
मोबाईलवर जोडलेले हात, फुलं, काळजी घ्या.
पिवळ्या पिशव्यांची गाडी येणार होती, आली नाही.
बांबूखालून वाकून सोजरबाई आल्या.

"ताई, तीन दिस झाले,
तुमच्या डब्यात साल न्हाई कशाची.
कांद्याचं बी न्हाई. नुसती गोळ्यांची पाकिटं.
खाताय काय?"

वीस वर्षं ही बाई माझं घर वाचत होती.
फाडलेली पत्रं.
हे गेल्यावर एकदम टाकलेली दाढीची पाती.
नासलेलं अन्न, कागदात गुंडाळून बांधलेलं,
त्यांना दिसू नये म्हणून.
आणि मला त्यांचं आडनाव माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कडीला पिशवी.
आत ज्वारीच्या कण्या, वर लसणाची चटणी.
मी डबा बाहेरून पुसला.
हो, पुसला. तापातसुद्धा हात सवयीनेच जातो.
मग ओट्याशी उभ्यानेच सगळं संपवलं
आणि रडले.
कृतज्ञतेने, असं लिहिलं
तर ती पुन्हा एक पाटी होईल.
लाजेने रडले. थोडी भुकेने.

पुढच्या वर्षी सभेत लिफ्टचा विषय मी काढला.
हात वर केला, तो कोपरापर्यंतच गेला.
अकरा विरुद्ध नऊ.
कौस्तुभ आमच्या बाजूने, मान खाली घालून.
आता सोजरबाई लिफ्टने येतात.
म्हणजे येऊ शकतात.
बहुतेक जिनाच चढतात. विचारलं तर म्हणाल्या,
"आत आरसा हाय. समदी त्यातून माझ्याकडं बघत्यात."

वाईट साल होतं ते, सगळे म्हणतात.
मला दुसरंच आठवतं,
डब्यात नसलेलं.

खंडागळे. सोजरबाई खंडागळे.
चहा आता आत बसून घेतात, आमच्याच कपात.
सहा कप आहेत, निळ्या काठाचे.
धुऊन उपडे घातले
की कुठला कुणाचा कळू नये इतके सारखे.

मला कळतो.