विषय क्रमांक सात

नोटीस जिन्याखालच्या फळ्यावर होती,
उभ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर.
लोबोबाईंच्या नातवाने वाचून दाखवली :
वार्षिक सर्वसाधारण सभा, रविवार, सकाळी दहा.
विषय क्रमांक सात : प्रवेशद्वाराशी उतार बांधणे.
स्थळ : गच्ची.

लिफ्ट पाचव्या मजल्यावर संपते.
पुढे एकोणीस पायऱ्या.
मोजल्यात मी, दुसऱ्यांच्या पायांनी.

सेक्रेटरी कारखानीस म्हणाले, अहो त्यात काय,
चौघे मिळून उचलू की तुम्हाला.
म्हटलं, काका, चौघांनी उचलायचा एक दिवस
प्रत्येकाचा ठरलेला असतो.
तोवर थांबते.

ते हसले नाहीत.
मीही विनोद केला नव्हता.

रविवारी आम्ही खाली बसलो, पार्किंगमध्ये,
पंपाच्या खोलीला लागून, जिथे दहापर्यंत सावली असते.
दाराच्या तीन पायऱ्या रामसजीवनने उतरवल्या,
खुर्ची मागे झुकवून, हळू, नेहमीसारखा.
बुधवारी त्याची सुट्टी असते.
बुधवारी मी घरात असते.

इब्राहिम मुकादम आला, काठीने गटाराची झाकणं वाचत.
दुर्वेश आणि हेमांगी आले, हातांनी भांडत,
इतकं की वॉचमनच्या केबिनमधलं मांजर बघत बसलं.
सुलभा घरत आली, तीन टॅक्सीवाल्यांनी
खुर्ची पाहून मान हलवल्यावर, चौथ्याच्या टॅक्सीतून,
मांडीवर माहीमच्या हलव्याचा पुडा.

आमच्यात सगळं गोड आहे असं समजू नका.
इब्राहिमला आंधळाच म्हणायचं. सौम्य शब्द काढलात
तर तो विचारतो, कोणाच्या सोयीसाठी?
सुलभाला सर्टिफिकिटावरचा शब्द आवडतो,
ती म्हणते, तेवढाच मान, घ्या की पदरात.
दुर्वेश म्हणतो, मला तुमच्यात धरू नका,
मला काही कमी नाही, फक्त भाषा वेगळी आहे.
फुटपाथवरच्या पिवळ्या गाठी
इब्राहिमला वाट दाखवतात,
माझ्या मणक्याला धक्के देतात.
दोन वर्षं भांडतोय आम्ही त्या गाठींवरून.
यालाच मी आपली माणसं म्हणते.

वरून लोबोबाईंचा नातू बातम्या आणत होता, धापा टाकत.
विषय चार, पाण्याची टाकी. विषय पाच, कबुतरं.
सहावा कबुतरांतच अडकला.
सातवर वोरा म्हणाले, एका माणसासाठी पाऊण लाख?

हेमांगीने लगेच हात उडवले :
सांग त्यांना, उतार सगळ्यांनाच उपयोगी.
बाबागाडी, बॅगा, गॅसचा सिलिंडर,
उद्या त्यांचेच गुडघे.
बरोबर आहे तिचं. बहुतेक ठिकाणी चालतं हे.
पण मला नाही म्हणायचं ते.
मला माझं जाणं-येणं
सिलिंडरच्या पाठीमागे लपवायचं नाही.
एका माणसासाठी?
हो. एका माणसासाठी.
जिना बांधताना नाही कोणी डोकी मोजली.

आणि शब्द तरी बघा. उतार.
चढ कोणी म्हणत नाही,
जणू मी फक्त बाहेरच जाणार आहे.
एक काना दिला की उतारा होतो,
सातबाराचा, मालकी सांगणारा.
तो काना गेली अकरा वर्षं मागतेय.

पावणेबाराला गच्ची तापली, सभा उठली.
विषय क्रमांक सात वेळेअभावी पुढील सभेत.
हलवा संपला होता. कागदाचे पापुद्रे
गाड्यांखाली उडत होते, ते इब्राहिम सोडून सगळ्यांना दिसत होते,
आवाज मात्र त्यालाच आधी आला.

संध्याकाळी मी नवी नोटीस लिहिली, माझ्या अक्षरात.
विशेष सभा. विषय एकच.
स्थळ : पार्किंग.
आणि फळ्याखाली भिंतीवर चिकटवली,
माझ्या नजरेच्या उंचीवर.

सकाळी कारखानीस वाकून वाचत होते,
एक हात भिंतीला, एक गुडघ्यावर.
त्यांचे गुडघे गेलेत, मला माहीत आहे.
तो मुद्दा मी वापरणार नाही.