लोरो, लोरो

पहाटे पाचला आधी पोपट खोकतो,
मग माझा नवरा.
कोण कुणाकडून शिकलं, ते आता विचारू नये.

पारामारिबोच्या टोकाला आमचं लाकडी घर,
पत्र्याखाली दोन पिंजरे.
स्वयंपाकघरात माझा हिरवा लोरे.
त्यानं आजवर तीन चष्मे खाल्ले, एक जपमाळ,
आणि रिमोटवरचं आवाज कमी करायचं बटण.
तेव्हापासून बातम्या साऱ्या गल्लीला ऐकू जातात.

पडवीत पाइजानचा ट्वाट्वा.
मूठभर काळा जीव, चोच मात्र अडकित्त्यासारखी,
पंखावर चुन्याचं बोट पुसावं तेवढंच पांढरं.
नाव मिनिस्टर.
मिनिस्टरला रोज सकाळी सायकलवरून फिरवून आणतात,
नदीची हवा दाखवतात.
मला चाळीस वर्षांत चारदा दाखवली असेल.

बॉक्साइटच्या कारखान्यातून सुटल्यापासून
पाइजान दुसरं काही करत नाही.
खुर्ची ओढतो, डोळे मिटतो,
मिनिस्टर गायला की मोजतो:
सिजी, लोरो, तेलू, पापत...
त्याच्या आजोबांनी जावाहून येताना
जहाजात आणलेले अंक.
ट्रंक हरवली, ते राहिले.
आमची मुलं डचमध्ये मोजतात.
रॉटरडॅमची नात मोजतच नाही,
तिच्या वतीनं फोन मोजतो.

शिकला तो फक्त लोरे.
सिजी, म्हणतो, आणि मग, लोरो.
हे आपल्यालाच हाक मारतायत अशी त्याची ठाम समजूत.
मान फुगवून पुन्हा, लोरो. लोरो. लोरो.
तेलूपर्यंत तो कधी पोचलाच नाही.
"दगड आहे नुसता," पाइजान म्हणतो.
मी गवती चहा ठेचत असते,
काही बोलत नाही.

रविवारी चौकात सामना होता.
इस्त्रीचा शर्ट, पिंजऱ्यावर धुतलेलं फडकं.
समोर ब्रोकोपोंडोच्या लाकूडवाल्या एर्विनचा पक्षी.
पंधरा मिनिटं. फळ्यावर खडूच्या रेघा.
त्याच्या छप्पन्न.
मिनिस्टरच्या दोन.

घरी आल्यावर पाइजाननं शर्टही बदलला नाही.
पिंजरा खिळ्याला टांगला,
आणि मेल्यानं तिथंच गळा मोकळा सोडला.
आतून आवाज: सिजी.
मिनिस्टर थांबला. मान तिरकी केली. गायला.
आतून: लोरो.
पुन्हा गायला.
लोरो.
पुन्हा.
मी हातातला पळा तसाच धरून उभी.
हा पक्षी मोजणाऱ्याची वाट बघत होता.
तिथं चौकात, एवढ्या माणसांत,
त्याचं गाणं मोजून घेणारं कुणी नव्हतं.

पुढच्या शनिवारी रात्री पाइजान म्हणाला,
"तुझी बाजाराची टोपली दे."
झाकणाची होती, दिली.
दुपारी तिघंही परत आले.
टोपलीच्या कडा कुरतडलेल्या.
सदतीस रेघा झाल्या होत्या म्हणे,
तेवढ्यात टोपलीतून पंचांच्या मोटारसायकलचा आवाज निघाला,
मग पंचांचा खोकला,
आणि मग सारा चौक हसत बसला.
सामन्यातून बाद.
पाइजान हे सगळं सांगताना
दोनदा सूप सांडलं त्यानं,
आणि मला वाटतं हरल्याचं त्याच्या लक्षातच नव्हतं.

आता स्वयंपाकघराचं दार दिवसभर उघडं असतं.
मिनिस्टर गातो, लोरे मोजतो,
पाइजान खुर्चीत.
परवा हळूच तेलू म्हणून बघितलं त्यानं,
मग दिलं सोडून.

संध्याकाळी नातीचा फोन आला, जोएलिनचा.
"ओमा, मागं काय म्हणतंय ते?"
"दोन," मी म्हणाले.
"दोनच?"
"दोनच."
ती आणखी काही विचारणार होती,
पण लोरे तोवर माझ्या खांद्यावर उतरला होता
आणि त्याला फोनचं ते लाल बटण
फार दिवसांपासून हवं होतं.